हौशीराम गवंड्याच्या डोळ्याचा फोटो

माझे सासरे हौशीराम हे कुरवंड्याचे गवंडी. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला काळ्या घडीव दगडाची जी जुनी कुंपणं दिसतात, त्यांतली बरीचशी त्यांच्या हातची. माणूस नावासारखाच हौशी. आवाज असा, की बंगल्याच्या मागच्या बाजूला काम चालू असलं तरी पुढच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं, आज मामा कामावर आहेत. मी त्यांना मामा म्हणायचो. मी वराळ्याचा, तळेगावच्या शाळेत शिक्षक. मोठ्या हौसेनं त्यांनी आपली लेक येसू मला दिली आणि त्या दिवसापासून मला नावानं कधी हाक मारली नाही. कायम ‘जावईबापू’.

१९७४ साली, दिवाळीनंतर, ते एका शेटच्या बंगल्याची कुंपणभिंत बांधत होते. जोडीला शिदू होता. ठाकरवाडीचा शिदू त्यांच्याबरोबर इतकी वर्षं दगड घडवत होता, की एकानं हात पुढं केला की दुसऱ्यानं न विचारता छिन्नी द्यावी. त्या वेळी मामांनी साठी ओलांडली होती. उजव्या डोळ्यानं दोनेक वर्षांपासून मधोमध धुकट दिसत होतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “वय झालं त्याचं. डाव्यावर भागतंय.” आणि खरंच भागत होतं. सूत ताणायचं, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं भिंतीच्या कडेनं नजर टाकायची, हे गवंड्याचं काम मुळात एका डोळ्याचंच.

त्या दिवशी त्यांनी उजवा डोळा मिटला, डाव्यानं भिंतीकडं पाहिलं आणि ओरडले, “शिद्या! भितीला पोट आलंय!”

शिदू धावत आला. त्यानं पाहिलं, हात फिरवला, सूत लावलं. “आबा, सरळ हाय की.”

“मला शिकवतूस? त्यो बघ, मधी फुगलाय. पाड.”

“आबा, न्हाई वो फुगला.”

“पाड म्हणतो न्हवं!”

शिदू पाडेना, तेव्हा मामांनी स्वतः पहार घेतली आणि वरचे थर उतरवले. शेटचा माळी तोंड उघडं टाकून बघत राहिला. दोन दिवस खपून दोघांनी ती भिंत पुन्हा उभी केली. मामा मागं सरले, जागेवर येऊन उभे राहिले, उजवा डोळा मिटला. भिंतीचं पोट पुन्हा तिथंच.

आता मात्र ते ओरडले नाहीत. त्यांनी ओळंबा काढला. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, दुसरं काही नाही. तो भिंतीच्या माथ्यावरून सोडला आणि डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पाहतात तो काय, दोरीलाच बाक! वर सरळ, मध्ये जरा बाजूला गेलेली, खाली पुन्हा सरळ.

शिदूनं मला नंतर सांगितलं, “दादा, आबा येकदम गप झालं. मला भ्याव वाटलं.”

मामांनी ओळंबा उचलला, आवारातल्या जांभळाकडं गेले आणि फांदीला तो टांगला. तिथंही बाक. मग त्यांनी नजर खाली आणली, तर बाकही खाली आला. वर नेली, तर वर गेला. वजन लावून सोडलेली दोरी वाकडी लोंबत नाही, हे त्यांना जन्मभर ठाऊक होतं. ते मागं वळले आणि शिदूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “शिद्या, भित सरळ हाय. वाकडा माझा डोळा हाय रं!”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ते तळेगावला उतरले आणि चालत वराळ्याला आले. मी शाळेत निघायच्या तयारीत होतो. दारातूनच म्हणाले, “जावईबापू, साळंला आज रजा टाका. माझ्या डोळ्यात कायतरी घुसलंय आन ते नजरंसंगं फिरतंय.”

भीती कमी आणि उत्सुकता जास्त, असा त्यांचा चेहरा होता. येसू मात्र रडायला लागली. तिला चहा ठेवायला लावून ते मला फांदीवरच्या ओळंब्याची हकिकत सांगत बसले. सांगताना उठून उभे राहिले आणि दोरी कशी वाकली ते स्वतः कमरेत वाकून दाखवलं.

आधी आम्ही तळेगावातच चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार जुना, भला माणूस. भिंतीवर तक्ता होता. न शिकलेल्यांसाठी त्यावर अक्षरांऐवजी तीन दांड्यांची चिन्हं होती, वर मोठी आणि खाली बारीक होत जाणारी. दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. उजव्या डोळ्यानं मामांना फक्त सगळ्यात वरचं, मोठं चिन्ह दिसलं, तेही मान कलती केल्यावर. डाव्यानं ते भराभर हात हलवत खालून दुसऱ्या ओळीपर्यंत गेले.

“या वयात अशी नजर म्हणजे फार झालं,” दुकानदार म्हणाला. “डावा उत्तम आहे, आबा.”

“मंग दोरी वाकडी का दिसती?”

दुकानदारानं चष्मा काढून पुसला. थोडा विचार केला. “ते या तक्त्यावर कळायचं नाही. पुण्याला जा. तिथं एका दवाखान्यात डॉक्टर कानिटकर म्हणून बाई आहेत. डोळ्याच्या आतला फोटो काढायचा कॅमेरा आलाय त्यांच्याकडं.”

“आतला फोटू?” मामा खुर्चीवरून उठलेच. “चला जावईबापू!”

“अहो मामा, आज नाही, उद्या जाऊ.”

“उद्या कशाला? गाडी हाय ना आता?”

गेलो. पण त्या दिवशी बाईंची वेळ संपली होती. रात्री माझ्या एका मित्राकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो.

बाकावर आमच्या शेजारी उर्शाच्या सावित्राबाई बसल्या होत्या. वयानं मामांपेक्षा मोठ्या. मांडीवर फाटका परकर घेऊन त्या शिवत होत्या आणि सुईत दोरा स्वतःच ओवत होत्या.

“मावशी, तुमी कशापायी आलाय? डोळं तर झ्याक हायेत,” मामांनी विचारलं.

“काय सांगू बाबा! मला समदं दिसतंय. पर डाक्टरीण म्हनती, फोटूत माझ्या डोळ्यात पिवळं ठिपकंच ठिपकं हायेत, वाळत घातलेल्या डाळीवानी. वरसातनं येकदा येत जा म्हनती. मी येती. माझं काय जातंय? पुणं बघून हुतं.”

मामा माझ्याकडं वळले. “बघा. हिच्या फोटूत ठिपकं आन हिला दिसतंय. माझी नजर उत्तम आन मला वाकडं दिसतंय. हितं कायतरी गंमत हाय.”

डॉक्टर कानिटकर चाळिशीच्या, उंच, भरभर चालणाऱ्या आणि त्याहून भरभर बोलणाऱ्या. मामांचं सगळं ऐकून घेतलं. ओळंबा जांभळाला टांगल्याचं ऐकलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवून त्या पुढं सरकल्या. “नजर हलवली तसा बाक हलला? नक्की?”

“नक्की, बाई.”

“मग तुम्ही अगदी वेळेवर आलात, असं मला वाटतंय. पण आधी बघू.”

त्यांनी आम्हाला समजावलं. म्हातारपणी डोळ्याच्या मागच्या पडद्याची, नेमकी मधोमध, झीज होते. काहींची ती नुसतीच झीज असते, सावकाश चालणारी. काहींच्या मात्र पडद्याखाली नको त्या नाजूक शिरा उगवतात आणि पाझरतात. अशा माणसांची त्या तीन तऱ्हांनी तपासणी करत होत्या: भिंतीवरचा तक्ता, एक जाळीचा कागद आणि फोटो. एकाच डोळ्याबद्दल तिन्ही काय काय सांगतात, कुठं जुळतात आणि कुठं जुळत नाहीत, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. “कारण एकटं कुणीच पुरं सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेर सावित्राबाई भेटल्या ना?”

तक्त्यावर मामा पुन्हा खालून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचले. मग जाळीचा कागद आला. वहीच्या पानाएवढा, त्यावर बारीक चौकटी आखलेल्या आणि मधोमध एक ठिपका. उजवा डोळा झाका, डाव्यानं फक्त ठिपक्याकडं बघा आणि रेघा कुठं वाकड्या दिसतात ते पेन्सिलीनं काढा, असं बाईंनी सांगितलं.

मामांनी कागद हातात घेतला आणि हसू लागले. “आता गं! हितं बी पोट आलंय.” पेन्सिल धरायची सवय नसलेल्या हातानं त्यांनी ठिपक्याच्या वर, जरा उजवीकडं, बाहेर फुगलेल्या रेघा काढल्या. ठिपक्यावरची रेघ मात्र सरळ होती.

मग फोटो. बाहुली मोठी करायचं औषध डोळ्यांत घातलं. हनुवटी टेकवून मामा त्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यासमोर बसले. दंडाच्या शिरेत पिवळं औषध टोचलं आणि खटाखट लखलखाट सुरू झाला. बाई मोजत होत्या, मदतनीस फिल्म पुढं सरकवत होता आणि मामा पापणीही न हलवता म्हणत होते, “काढा, काढा! अजून काढा!” एकदा त्यांना मळमळलं, पण त्यांनी गिळून टाकलं.

बाहेर आले ते पिवळेजर्द. चेहरा, हात, सगळं हळद लागल्यासारखं. सावित्राबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “आवं, नवरदेव झाला की तुमी!” थोड्या वेळानं मामा मोरीकडून परत आले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “जावईबापू, तितं बी पिवळंच.”

फिल्म धुऊन व्हायला दुपार झाली. आम्ही शिदोरीचं फडकं सोडलं, भाकरी खाल्ली आणि वाट बघत बसलो. अखेर बाईंनी आत बोलावलं. उजेडाच्या काचेवर त्यांनी फोटो ओळीनं मांडले होते. काळेपांढरे. डोळ्याचा आतला पडदा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. एका गोल पांढऱ्या ठिकाणाहून शिरा फुटलेल्या, डोंगरावरून पाहिलेल्या ओढ्यांसारख्या. पहिल्या फोटोत मध्याच्या जवळ एक अगदी लहान पांढरा ठिपका. दुसऱ्यात तो जरा मोठा. पुढच्यात त्याच्या कडा धूसर झालेल्या. शेवटच्यात तो पसरला होता, टिपकागदावर शाई पसरावी तसा.

“हे पाझरतंय,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर चढला होता. “आणि आता हे बघा.”

त्यांनी मामांचा जाळीचा कागद घेतला, वरची कड खाली येईल असा पालथा घातला आणि उजेडावर धरला. पाठीमागून मामांच्या रेघा दिसत होत्या. “पडद्यावर चित्र उलटं पडतं. तुम्हाला जे वर दिसतं, ते पडद्यावर खाली असतं. म्हणून कागद उलटा.” मग त्यांनी तो फोटोशेजारी नेला. ठिपका तिथं मध्य. फुगलेल्या रेघा होत्या मध्याच्या खाली, जरा उजवीकडं. फोटोतला पाझरही तिथंच. त्याच बाजूला आणि तेवढ्याच अंतरावर.

बाई तर उभ्याच राहिल्या होत्या. “जुळलं! बघा, कसं जुळलंय!” त्यांनी मदतनिसाला हाक मारली, शेजारच्या खोलीतल्या एका डॉक्टरला बोलावलं, त्यालाही दाखवलं. मामा डोळ्यातल्या औषधामुळं धड बघू शकत नव्हते, तरी काचेला नाक लावून विचारत होते, “कुटं? कुटं? मला बी दावा की!”

मग बाई शांत झाल्या आणि खुर्ची ओढून मामांच्या समोर बसल्या. उजव्या डोळ्यात हाच पाझर नेमका मधोमध झाला होता आणि आता तिथं वण पडला होता. तो डोळा परत यायचा नव्हता. डाव्यात पाझर मध्यापासून थोडा दूर होता. बारीक अक्षर माणूस मध्यानं वाचतो आणि मध्य अजून शाबूत होता. म्हणून तक्ता ‘उत्तम’ म्हणत होता. पण पाझर मध्याकडं सरकायला वेळ लागणार नव्हता.

“मुंबईत माझे एक सहकारी आहेत. त्यांच्याकडं प्रखर प्रकाशाचं यंत्र आहे. त्या प्रकाशानं पाझरणाऱ्या शिरा जाळून बंद करता येतात. आठवड्याच्या आत जायला हवं. पण आबा, नीट ऐका. जिथं जाळतील तिथं कायमचं दिसायचं बंद होईल. थोडासा काळा डाग राहील. आणि ती जागा मध्याच्या जवळ आहे. थोडं चुकलं, तर आज आहे तेही जाऊ शकतं. काही लोकांना बंद केलेल्या जागी पुन्हा पाझर फुटतो. मी खात्री देत नाही.”

मामांनी एकच विचारलं, “न्हाई केलं तर?”

“तर डावाही उजव्यासारखा होईल, असं मला वाटतं.”

कुरवंड्याला गेलो तेव्हा सासूबाई, सरुबाई, चुलीपुढं होत्या. पिवळ्या नवऱ्याला पाहून त्यांच्या हातातलं उलथनं पडलं. “कावीळ झाली का काय?” मग सगळं ऐकल्यावर त्या भडकल्या. “डाग? डोळ्यात डाग देत्यात? जनावराला देत्यात तसा? जावईबापू, तुमी शिकल्यालं, तुमाला तरी कळाया पायजे व्हतं!”

मलाही भीती वाटत होतीच. शिदू उंबऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, “आबा, राहू द्या. मी सूत बघीन, तुमी दगूड घडवा. येवढ्यावर भागंल की.”

“आरं, दगूड घडवाया डोळा लागत न्हाई व्हय? छिन्नी बोटावर बसंल.” मामा सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “सरू, ऐक. मी तितं माझ्या डोळ्याचा फोटू बघितलाय. धड न्हाई दिसला, पर जावईबापूंनी बघितला. ज्या ठिकाणी मी रेघ वाकडी काढली, त्याच ठिकाणी तितं फुटलंय. मी कॅमेऱ्याला सांगितलं न्हवतं, कॅमेऱ्यानं मला सांगितलं न्हवतं. दोगांनी आपापलं दावलं आन येकच निगालं. आता मी कसा नगं म्हणू?”

सासूबाईंनी पडलेलं उलथनं उचललं. मग म्हणाल्या, “मी बी येनार मंबईला.”

मुंबईत दवाखान्यात आम्ही तिघं होतो. डोळ्याच्या बाजूला सुई देऊन डोळा बधिर केला आणि मामांना आत नेलं. दार बंद झालं. दाराच्या फटीतून मधून मधून पांढरा उजेड चमकायचा आणि दर वेळी सासूबाई माझं मनगट घट्ट धरायच्या. बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. “लय ईज चमकली,” एवढंच म्हणाले. उजव्या डोळ्याला धुकं, डाव्याला पट्टी. सासूबाई त्यांना हाताला धरून खाटेपर्यंत घेऊन गेल्या.

सकाळी पट्टी सोडली. मामांनी डोळा उघडला, मिचकावला, छताकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि मग सासूबाईंकडं.

“सरू, तुज्या कपाळावर काळा ठिपका कुनी ठिवला?”

“मेलं, काय बोलताय!”

“ठिपका हाय. पर त्याच्या खाली समदं हाय. तुजं डोळं हायेत, नाक हाय...” आणि मग तो त्यांचा आवाज, कुरवंड्यापासून तुंगार्लीपर्यंत जाणारा, साऱ्या वॉर्डभर घुमला, “दिसतंय! जावईबापू, दिसतंय!”

नर्स धावत आली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि त्याला नक्की काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवू लागला. सासूबाई हसत होत्या आणि रडतही होत्या.

पुण्यात कानिटकर बाईंनी पुढं काही आठवड्यांनी तिन्ही तपासण्या पुन्हा केल्या. तक्त्यावर मामा पुन्हा तिथंच, खालून दुसऱ्या ओळीवर. तक्त्याला मधल्या काळात काही घडल्याचा पत्ताच नव्हता! जाळीवर रेघा सरळ झाल्या होत्या; ठिपक्याच्या वर मात्र एक छोटी मोकळी जागा होती, रेघा पुसून टाकल्यासारखी. फोटोत पाझर नव्हता. पाझराच्या जागी काळसर वण, कडा स्वच्छ. बाईंनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि त्या मामांपेक्षा जास्त खूश झाल्या.

मामांनी पुन्हा काम सुरू केलं. रेघेचं शेवटचं पाहणं शिदूकडं दिलं आणि त्यात कमीपणा मानला नाही. पण त्यांना आता दुसरंच वेड लागलं. बाईंकडून जाळीचे कागद आणायचे, बाजारच्या दिवशी लोणावळ्यात, जत्रेत, लग्नात, म्हाताऱ्या माणसाला गाठायचं आणि एक डोळा झाकून ठिपक्याकडं बघायला लावायचं. “रेघ सरळ हाय का? झाका दुसरा. आता?” लोक हसायचे. सासूबाई म्हणायच्या, लग्नात जेवायच्या आधी ह्यांचा कागद निघतो. पण त्यातूनच कुरवंड्याची एक म्हातारी आणि उर्शाचा एक शेतकरी पुण्याला पोचले. म्हातारीचा पाझर नेमका मधोमध होता, तिचं काही करता आलं नाही. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. शेतकऱ्याचं मात्र जमलं.

दोन वर्षांनी पुण्यात डॉक्टरांची एक मोठी बैठक भरली. तिथं कानिटकर बाई आपली तुलना मांडणार होत्या आणि त्यांनी मामांना मुद्दाम बोलावलं. नवा फेटा बांधून ते पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. दिवे मालवले. पडद्यावर भिंतीएवढा फोटो उमटला: ओढ्यांसारख्या शिरा, मध्याजवळ पसरलेला पांढरा पाझर. बाई इंग्रजीत बोलत होत्या. मामांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण फोटो त्यांनी ओळखला. या वेळी डोळ्यात औषध नव्हतं आणि तो धडपणे पाहायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

ते ताडकन उभे राहिले. “ह्यो माझा!” अंधारात आवाज घुमला. “ह्यो माझा डोळा हाय!”

मी त्यांचा सदरा ओढत होतो. बाई बोलायच्या थांबल्या, हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, “हो, हे हौशीरामआबा. दिवे लावा जरा.”

दिवे लागले, साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी फेटा सावरून चारी बाजूंना हात जोडले. मग एका तरुण डॉक्टरनं प्रश्न विचारला आणि बाईंनी तो मामांनाच मराठीत विचारला: उपचाराच्या आधी आणि नंतर नजरेत काय फरक पडला? मामा उत्तर द्यायला जे उभे राहिले, ते जेवणाची वेळ झाली तरी खाली बसायला तयार नव्हते. परतीच्या पॅसेंजरमध्ये, तळेगाव येईपर्यंत, ते मलाच विचारत होते, “जावईबापू, अजून लोकं काय काय इचारणार व्हती? पुढच्या वक्ताला मी शिदूला बी नेतो. त्याला सांगाया लय येतं.”